मेंढ्याचं जन्मगाव

जेवायला बसल्यावर कुणी देवाचं नाव घेतं, कुणी मोबाइल हातात घेतं. पण पहिला घास तोंडाशी नेण्याआधी ताटातल्या मेंढ्याचं जन्मगाव विचारणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा घरमालक निघावा! मी नागपूरची, सावजी रश्श्यावर वाढलेली. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि इंदिरानगरात घर बघायला गेले, तेव्हा अण्णांनी पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. "जन्म कुठला? वाढलीस कुठं? हितं कशाला आलीस?" एवढंच. "नागपूर, नागपूर, पोटासाठी," मी म्हटलं. "सरी, चालतंय," म्हणाले, "कागद स्वच्छ हाय." आणि किल्ली हातावर ठेवली.

हे खूळ कुठून आलं, ते अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. अण्णा मूळचे निपाणीचे, शिकले कोल्हापुरात, आणि कित्येक वर्षं बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात परदेशी जाणाऱ्या गोठवलेल्या मटणाची लेबलं तपासत होते. माल कुठल्या देशातला, हे लेबलावर लिहावंच लागतं. एकदा देशाच्या रकान्यात कुणीतरी 'बेंगळुरू' छापलं आणि अण्णांनी खाली सही ठोकली. परदेशी बंदरातल्या साहेबाने विचारलं, हा बेंगळुरू नावाचा देश कुठे असतो? कंटेनर समुद्र ओलांडून गेला तसा परत आला. अण्णांना लेबलावरून काढून गोदामात बसवलं. त्यानंतर त्यांनी कुठल्याही लेबलावर सही केली नाही. अहो, घरी कुरिअर आलं तरी सहीला अक्का, नाहीतर मी! अण्णा मात्र खिशाला पेन लावून शेजारी उभे राहणार.

सही सुटली, पण प्रश्न सुटले नाहीत. त्यांच्या फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. माझ्या डब्यातलं चिकनसुद्धा चौकशीतून सुटत नाही. कॅनडा आणि अमेरिकेचं मांसाच्या लेबलावरून झालेलं भांडण तर ते शेजारच्या बिऱ्हाडातलं असावं तसं रंगवून सांगतात. "वासरू जन्मलं कॅनडात, वाढलं आणि कापलं अमेरिकेत. मग ते कुणाचं? वर्षानुवर्षं भांडले, पोरी! आता माझंच बघ. निपाणी, कोल्हापूर, बेंगळुरू. माझ्यावर काय छापशील?" मी म्हणायची, "फ्रॅजाइल." ते हसायचे, पण लगेच चष्मा पुसत बसायचे.

या सगळ्याला पुरून उरलेला एकच माणूस, बेंगळुरूतल्या शिवाजीनगरचे मटणवाले भाई. तीस वर्षं दर रविवारी अण्णा त्यांना तेच तीन प्रश्न विचारत. जन्मला कुठे, वाढला कुठे, कापला कुठे? आणि तीस वर्षं भाई सुरी न थांबवता सांगत, "मेंढा है अण्णा, पासपोर्ट काँ से लाऊँ मैं उसका?" मग डोक्यावरच्या 'अस्सल बन्नूर' या रंगवलेल्या पाटीकडे बोट दाखवत. अण्णांचं समाधान व्हायचं. बन्नूर गावची मेंढी म्हणजे इकडे मटणातला शेवटचा शब्द. शिवाय भाई थोडी कलेजी पुड्यात वरून टाकत, आणि दोघं बाकावर बसून चहा पीत.

मागच्या वर्षी घात झाला. अण्णा एकदा लवकर पोचले आणि दुकानामागे टेम्पोतून मेंढ्या उतरताना त्यांनी पाहिल्या. बन्नूरची मेंढी बुटकी, गुबगुबीत. या लांब तंगड्यांच्या! बाप्पा, मग काय विचारता! भर गिऱ्हाइकांत अण्णा ओरडले, "पाटी खोटी हाय!" भाईंनी सुरी खाली ठेवली. "पाटी अब्बा की है," एवढंच म्हणाले, "अब्बा के टैम सच्ची बन्नूर से आता था." अण्णांनी त्याच दिवशी घरात आयातबंदी जाहीर केली. दुसरं दुकान त्यांना चालेना, हे दुकान बंद. रविवारी दोडक्याची भाजी. अक्का ताट आपटून म्हणाल्या, "लेबलं चाटा आता!" मी मध्यस्थी करायला गेले तर मला म्हणाले, "आधी त्यांनी पाटी उतरवावी." भाईंचा निरोप आला, "पैले अण्णा माफी मांगना." चार महिने दोन म्हातारे, एक तिकडे, एक इकडे, कुढत बसले. अण्णा जेवणावरून लवकर उठायचे, आणि ते कशामुळे हे आम्हा दोघींना चांगलं ठाऊक होतं. दोडक्याने माणूस इतका वाळत नाही.

एका शनिवारी अक्का बाजारातून आल्या आणि उभ्याउभ्याच बोलल्या, "भाईंचे गुडघे गेले. उद्या शेवटचा दिवस. दुकान बंद करणार." अण्णा चष्मा पुसत बसले. पण रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून माझ्या दारात उभे. "ऑटो बोलाव. मला एकट्याला जमणार न्हाई."

दुकानात पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. अण्णांनी ती पाहिली आणि तोंडातली माफी तोंडातच राहिली. भाईंनीही काही मागितली नाही. त्यांनी मटण तोललं, कलेजी टाकली, पुडा बांधला, आणि त्यावर एक कागद चिकटवून अण्णांपुढे सरकवला. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं :

जन्म : मालूम नहीं.
पला : मालूम नहीं.
कटा : शिवाजीनगर, मेरे हाथ से.

अण्णांनी तो कागद दोनदा वाचला. "आयुष्यात एवढं खरं लेबल बघितलं न्हाई," म्हणाले. मग खिशातलं पेन काढलं आणि खाली सही केली. भाई काउंटरमागून लंगडत बाहेर आले, आणि दोघं बाकावर चहा पीत बसले. मला रडू येत होतं, म्हणून मी पुडा घेऊन ऑटो शोधायला गेले.

तो कागद आता अण्णांच्या फ्रिजवर आहे. भाईंच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकतात. अण्णा रविवारी शिवाजीनगरला जातात ते भाईंच्या घरी, आणि मटण येताना वाटेत मिळेल तिथून आणतात. जेवताना काही विचारत नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं, म्हणून हल्ली मीच विचारते, "अण्णा, मेंढा कुठला?"

"मालूम नहीं," अण्णा म्हणतात, आणि माझ्या ताटात स्वल्प रस्सा आणखी वाढतात.