जलालचं कार्ड, याह्याची ट्यूब

फॉर्मवर नाव जलाल, सॅम्पलच्या ट्यूबवर याह्या. वॉर्ड तोच, बेड तोच. मी ट्यूब बाजूला काढली.

बनारसमधल्या एका हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत मी सुपरवायझर आहे. नावात फरक दिसला की आम्ही सॅम्पल घेतच नाही. चुकीचं रक्त चढलं तर माणूस दगावतो. त्यात हा पेशंट थॅलेसेमियाचा. अशा मुलांच्या अंगात रक्त नीट तयार होत नाही, सारखं बाहेरून चढवावं लागतं. म्हणून त्यांना कार्डावर, रक्तदाता न आणता पिशवी मिळते. साहजिकच दलालांचा या कार्डांवर डोळा असतो. कार्ड एकाचं, रक्त भलत्याला, असले प्रकार मी पाहिलेत.

"वापस कीजिए मैडम," इनचार्ज डॉक्टर म्हणाले. "पार्टी गड़बड़ लग रही है."

"हीमोग्लोबिन चार है, सर. आज खून नहीं मिला तो बच्चा जाएगा."

"तो जाके देख लीजिए. मगर आँख खुली रखिए."

वॉर्डात सहा-सात वर्षांचं पोर पलंगावर निपचित पडलं होतं. ओठ पांढरेफटक. आई उशाशी. फॉर्म कार्डावरून भरला होता, ट्यूबवरचं नाव सिस्टरने आईला विचारून लिहिलं होतं.

"बच्चे का नाम?"

"याह्या."

"कार्ड पर तो कुछ और है."

"बदल दिया. पहले वाला भारी पड़ रहा था."

दलालही गोष्ट चांगली रचतात. मी एकदम पोराकडे वळून हाक मारली, "जलाल!"

पोराने डोळे उघडले. आईने झटकन त्याचे दोन्ही कान झाकले.

"उस नाम से मत पुकारिए मैडम, हाथ जोड़ती हूँ. जलाल माने अल्लाह का रोब. इतनी-सी जान कैसे उठाती? मौलाना साहब ने याह्या रखा. याह्या माने जो जिए. पैग़ंबर का नाम है. उनके अब्बा को बुढ़ापे में मिले थे, नाम भी ऊपर से आया था."

मला आमचे धोंडूकाका आठवले. इथल्याच रामघाटावरच्या आमच्या मराठी घरात दोन मुलं गेल्यावर तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं होतं. दगड म्हटल्यावर यमाचं लक्ष जाणार नाही, असा आजीचा हिशोब. धोंडूकाका पुढे कॉलेजात संस्कृत शिकवायचे, आणि नावावरून कुणी हसलं तर आजी त्याची खरडपट्टी काढायची.

पण गोष्ट पटली म्हणून पिशवी देता येत नाही. हाकेला डोळे उघडायला कुणीही शिकवू शकतं. मी समोर उभी राहून नवं सॅम्पल घेतलं, ट्यूबवर स्वतः याह्या लिहिलं आणि खाली आले.

वारंवार रक्त घेणाऱ्या काही मुलांच्या अंगात परक्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. म्हणजे अमुक प्रकारचं रक्त शरीर धुडकावून लावतं. जलालच्या रेकॉर्डला अशा दोन अँटिबॉडींची जोडी नोंदलेली होती, क्वचित दिसणारी. नव्या ट्यूबमध्ये रक्तगट तोच निघाला. जोडीही तीच. दुसऱ्या मुलात हे सगळं जुळणं जवळजवळ अशक्य.

"तो वही है," इनचार्ज म्हणाले, जरा हिरमुसून. "पुराना नाम काट दें?"

"कंप्यूटर में रहने दीजिए, नहीं तो अँटिबॉडी की हिस्ट्री खो जाएगी. कार्ड और पलंग पर याह्या. पुराना नाम कोई बोलेगा नहीं."

जुळणारी पिशवी शोधायला वेळ लागला. संध्याकाळी सिस्टरने नियमाप्रमाणे पिशवी हातात धरून विचारलं, "बच्चे का नाम?"

"याह्या," आई म्हणाली. इतक्या मोठ्याने की शेजारच्या पलंगावरची बाई दचकली.

रक्त सुरू झालं. मी पहिली पंधरा मिनिटं तिथेच थांबले, रिअ‍ॅक्शन येते का ते बघत. नवीन मुलींना मी आता सांगते, ट्यूबवर संशय घ्या, पोटभर घ्या. आईवर घ्यायचा असेल, तर आधी तिला नावाचा अर्थ विचारा.