यॉर्कचं मत

आमच्या ह्यांना कुठलंही व्यसन नाही, असं मी माहेरी ठणकावून सांगायचे. जर्मनीत वोल्फ्सबुर्गला येऊन एकोणीस वर्षं झाली. हे, म्हणजे अर्जुन, आणि त्यांच्या मोटारकारखान्यातले गिअरबॉक्स, दुसरं काही नाही. कामावरून वेळेवर घरी, शनिवारी भाजी. आणि मग पन्नाशीला टेकल्यावर एका शनिवारी भाजी न आणताच आले आणि म्हणाले, "शैला, मी एका वेराइनमध्ये नाव घातलंय."

वेराइन म्हणजे इथली मंडळं. चार जर्मन एकत्र आले की पाचव्याची वाट न बघता वेराइन काढतात. कुत्र्यांचं, बागांचं, कशाचंही. ह्यांचं निघालं अमेरिकेतल्या एका जुन्या मोहिमेचं. दोनशे वर्षांपूर्वी लुईस आणि क्लार्क नावाचे दोन कॅप्टन तीसेक माणसं घेऊन, नद्या-डोंगर तुडवत पार पलीकडच्या समुद्रापर्यंत गेले होते. ही मंडळी दर उन्हाळ्यात आलर नदीच्या काठी तंबू ठोकतात, त्या काळचे कपडे घालतात आणि लोकांपुढे ती मोहीम करून दाखवतात. प्रत्येकानं एकेक माणूस वाटून घेतलेला. कुणी सार्जंट, कुणी दुभाष्या.

"आणि तुम्ही कोण?" मी विचारलं.

"यॉर्क. कॅप्टन क्लार्कचा गुलाम."

माझं डोकंच फिरलं. "अहो, काही वाटतं का? आपल्या आज्या-पणज्यांनी हाडाची काडं करून आपल्याला त्यातून बाहेर काढलं, आणि तुम्ही वर्गणी भरून गुलाम व्हायला निघालात? रंग बघूनच दिला असणार मेल्यांनी!"

"त्यांनी नाही दिला. ते बिचारे अवघडले होते, ती जागा रिकामीच ठेवली होती. मी मागून घेतला."

मग कारण सांगितलं. मोहीम समुद्राला पोचली, थंडी तोंडावर आली आणि मुक्काम कुठे टाकायचा ते ठरेना. तेव्हा कॅप्टननी एकेकाचं मत घेतलं. यॉर्कचंही घेतलं. "मालकानं विचारलं गं त्याला," हे म्हणाले, "सगळ्यांच्या बरोबरीनं." मोहीम संपल्यावर बाकीच्यांना पगार मिळाला, जमिनी मिळाल्या, आणि यॉर्कला काहीच नाही. सुटका मागितली तर मालक चिडला, तेही ह्यांनी सांगितलं. पण सांगताना डोळ्यांत चमक होती ती त्या मताची.

आता आमच्या बौद्ध माणसांना मत म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. पहिल्या निवडणुकीला ह्यांचे आजोबा ठेवणीतलं धोतर नेसून, वस्तीभर मिरवत गेले होते. पुण्यात असेपर्यंत ह्यांनीही एक मतदान चुकवलं नाही. इथे पासपोर्ट भारताचा, त्यामुळे इथलं मत नाही. तिथलं द्यायचं तर विमानानं जाऊन केंद्रावर उभं राहायला हवं, आणि दर वेळी नेमकी रजा कोण देतो? म्हणजे इतक्या वर्षांत ह्यांना कुणी मत विचारलेलंच नाही. घरात मी विचारते, पण ऐकत नाही, ते सोडा.

वेराइनचा प्रमुख डेटलेफ, निवृत्त शिक्षक. तोच कॅप्टन क्लार्क व्हायचा. माणूस वाईट नाही, पण भलताच काटेकोर. ह्यांचा सदरा मी मशिनवर शिवला तर परत पाठवला. त्या काळी मशीन नव्हतं म्हणे! मग मी शिव्या घालत हातानं शिवला. मतदानाचा प्रवेश मात्र त्यांच्या कार्यक्रमात नव्हताच. तो घ्यावा म्हणून हे तीन उन्हाळे डेटलेफच्या मागे लागले. शेवटी गेल्या वर्षी तो हो म्हणाला. हे घरी येऊन आरशासमोर हात वर करून बघायला लागले. आमची क्रांती सतरा वर्षांची, आम्ही मराठीत बोलतो आणि ती जर्मनमध्ये उत्तर देते. बाबांच्या ह्या सोंगाची तिला भयंकर लाज. पण त्या दिवशी तीही आली.

काठावर ही गर्दी! कार्यक्रम लांबला होता, मागे बँडवाले वाद्यं घेऊन ताटकळत उभे. मताचा प्रवेश आला. डेटलेफ एकेकाला नावानं पुकारत गेला. पुकारलेला माणूस पुढे यायचा, हात वर करून मत सांगायचा. यॉर्क शेवटचा होता. हे पुढे आले, हात वर केला, छाती अशी ताठ की मलासुद्धा भरून आलं. डेटलेफनं ह्यांच्याकडे बघितलं, मग बँडकडे बघितलं आणि म्हणाला, "तर मग, बहुमत झालेलंच आहे! नदीपलीकडे मुक्काम!" टाळ्या पडल्या, बँड सुरू झाला. हे हात वर करून तसेच उभे. मग हळूच हात खाली घेतला आणि ठरल्याप्रमाणे कॅप्टनचं ओझं पाठीवर घेऊन सगळ्यांच्या मागून चालू लागले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तडक डेटलेफला गाठलं. "त्यांना का नाही विचारलंत?"

तो खरोखर गोंधळला. "पण शैला, निकाल तर तोच लागला असता ना?"

निकालाचं घेऊन बसलाय मेला! मला बोलायला जर्मन शब्द सुचेनात. क्रांतीला सुचले असते, पण ती बाबांच्या मागे धावली होती.

गाडीत बसल्यावर हे चावी न फिरवता बसून राहिले. "तो बरोबर बोलतोय," म्हणाले. "बहुमत झालंच होतं." मग म्हणाले, "पण विचारायचं गं. एकदा विचारायचं तरी." आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. क्रांती मागून त्यांचा खांदा धरून बसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण मीही धड नव्हते.

मला वाटलं, सुटलो त्या वेराइनमधून. तर ह्या मे महिन्यात डेटलेफचा फोन आला. आवाजात माया, जणू काही झालंच नव्हतं. म्हणाला, यंदा कार्यक्रम आटोपशीर केलाय, तो मतदानाचा प्रवेश काढून टाकलाय. पण होडी जड आहे, उचलायला माणूस कमी पडतोय, अर्जुन येईल ना?

हे म्हणाले, "हो, नक्की. येतो."

जायच्या दिवशी सकाळी मी कडाडले. "अहो, इतकं होऊनही जाणार तुम्ही? कशासाठी?"

हे बूट घालत होते. वर न बघताच म्हणाले, "शैला, एकोणीस वर्षांत मला घरी फोन करून 'ये' म्हणणारी तेवढीच माणसं आहेत गं इथं."

मी डबा भरून दिला.