मर्ल ट्वेट गॅस लावणार होता

दोष धुराचा आहे, असं मर्ल ट्वेटने ठरवून टाकलं होतं. डोळ्यांचा नाही, हातांचा तर नाहीच नाही. धुराचा.

त्याचं वेल्डिंगचं मशीन लहानसं, घरच्या प्लगवर चालणारं. पोटात पावडर भरलेली तार त्यातून सुटायची, ती जळून धूर व्हायचा आणि तो धूरच वितळत्या लोखंडाला हवेपासून सांभाळायचा. सिलिंडर नको, काही नको. पण धूर म्हणजे किती! शिवाय सांध्याच्या दोन्ही कडांना ठिणग्यांचे दाणे चिकटून बसायचे, कितीही घासा. गेली दोन-तीन वर्षं मर्लला हेल्मेटच्या काचेतून सांधाच दिसेनासा झाला होता. मधोमध सगळं धुरकट, कडेकडेने तेवढं स्वच्छ. हेल्मेट काढल्यावरही मधोमध धुरकटच दिसायचं, पण त्याचा तो फार विचार करत नसे.

उपाय होता. त्याच मशीनला गॅस लावता येतो, म्हणजे धुराचं काम गॅस करतो. पावडरच्या तारेऐवजी साधी भरीव तार घालायची, आतल्या दोन वायरींची अदलाबदल करायची, मागे सिलिंडर उभा करायचा. धूर जवळपास नाही, दाणे नाहीत, सांधा लख्ख. नळी आणि रेग्युलेटर त्याने आणूनही ठेवले होते. घोडं अडलं होतं ते वाऱ्यापाशी. नॉर्थ डकोटातला वारा थांबतो कधी? आणि वारा आला की गॅस उडून जातो. म्हणजे गॅरेजचं मोठं दार लावून काम करायचं. दार लावलं तर मर्ल घरी आहे हे लोकांना कळणार कसं?

हे हसण्यावारी नेऊ नका. त्याची बायको आर्डिस जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून जी काही माणसं त्याच्याकडे येत ती त्या उघड्या दारातून. वेल्बी गावात कुणी कुणाकडे सहज म्हणून जात नाही. निमित्त लागतं. मोडलेलं फाटक, तडकलेला फाळ, काहीही. ते हातात घेऊन यायचं, "घाई नाही हं" म्हणायचं, आणि मग तासभर घडीच्या खुर्चीत बसून पातळ कॉफी प्यायची. मर्लने कधी एक डॉलर घेतला नाही. गावात काही मोडलं की पहिलं नाव आपलं निघावं, एवढंच त्याला हवं होतं. त्या एका गोष्टीसाठी तो सकाळी अंथरुणातून उठत होता, खोटं कशाला सांगा.

त्याने शेजारच्या ड्वेन हेग्रेला विचारलं. चाळीस वर्षांचा दोस्त.

"गॅस लावू का रे?"

"लावू शकतोस," ड्वेन म्हणाला.

"की नको?"

"नाही लावलास तरी चालेल."

"अरे बाबा, तुला काय वाटतं ते सांग ना!"

"मला? कल्पना वाईट नाही." आणि त्याने ताटलीतली लिंबाची वडी अख्खी तोंडात कोंबली, म्हणजे पुढे बोलायला नको.

आता या लोकांना काय म्हणावं! घराला आग लागली तरी "जरा ऊब आहे आज" म्हणतील. समोरच्याला तोंडावर वाईट सांगणं त्यांना चोरीइतकं लाजिरवाणं वाटतं.

शेवटी मर्लने स्वतःच निकाल लावायचं ठरवलं. शरदात त्याने ड्वेनच्या गुरं न्यायच्या ट्रेलरचा हूक जोडून दिला होता. तो सांधा चांगला निघाला तर गॅसचं खूळ सोडून द्यायचं. खराब निघाला तर उद्याच सिलिंडर आणायचा. एप्रिलातल्या एका सकाळी तो ड्वेनकडे चालत गेला, ट्रेलरपाशी गुडघे टेकून बसला. नजर ठरेना, म्हणून हातमोजा काढून अंगठा फिरवला.

सांधा गुळगुळीत लागला. वळीवर वळी, एकसारखी.

"वा रे पठ्ठ्या!" तो मोठ्याने म्हणाला. हा आपला सांधा? मग आपलं बिघडलंय काय? उगाच डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी फ्रीजला चिकटवून ठेवलीय. म्हातारा मर्ल इतका खूश झाला की घरी जाऊन आर्डिसला सांगावं असंच क्षणभर त्याच्या मनात आलं.

अंगठा कडेला सरकला. दाणे लागले नाहीत. त्याने खालच्या बाजूने चाचपलं, जिथे कुणी घासायला जात नाही. तिथेही एक दाणा नव्हता.

हा गॅसवर घातलेला सांधा होता. आणि मर्लच्या मशीनला गॅस नव्हता.

तो तसाच ट्रेलरखाली सरकला. एका ठिकाणी नव्या सांध्याच्या बाजूने त्याचा स्वतःचा सांधा हाताला लागला. खडबडीत, दाणेदार, आणि फटीपासून चांगला बोटभर भलतीकडे गेलेला. फट त्याने जोडलीच नव्हती. भर हायवेवर हा हूक सुटला असता.

ड्वेन गोठ्यातून येऊन उभा राहिला होता.

"हे कुणी केलं?" मर्लने विचारलं.

ड्वेनने टोपी काढली, परत घातली. "वारा फार आहे आज."

"ड्वेन."

"साठ मैलांवर एक जण आहे. बरा आहे."

"एवढंच नेलंस त्याच्याकडे?"

"फाटकपण."

"आणि बाकीचे?"

असं थेट विचारायची तिथे रीत नाही. पण विचारलंच, तर खोटं बोलायचीही नाही. ड्वेन बुटांकडे बघत म्हणाला, "सगळेच नेतात, मर्ल. आधी तुझ्याकडे, मग तिकडे. कधी कधी एकाच गाडीत घालून नेतो, तेवढंच पेट्रोल वाचतं."

"कधीपासून?"

"आर्डिस गेली त्या हिवाळ्यापासून."

"मग थेट तिकडेच न्यायचं होतंत की लेको! मला कशाला येडा बनवलंत?"

"येडा नाही रे," ड्वेन म्हणाला. "मग तुझ्याकडे यायचं कसं?"

मर्लला ते ऐकू आलं, पण डोक्यात शिरलं नाही. शरमेने त्याचे कान पेटले होते. तीन वर्षं तो छाती काढून कामं हातावेगळी करत होता, आणि अख्खं गाव साठ मैलांचे हेलपाटे घालून त्याची लाज झाकत होतं.

"यापुढे माझ्याकडे काही आणू नका," तो म्हणाला. "सांग सगळ्यांना."

ड्वेनने सांगितलं. आणि सांगितलेलं ऐकणारी माणसं ती, त्यांनी ऐकलं.

मर्लने नळी आणि रेग्युलेटर खोक्यात घालून परत पाठवले. मे महिना लागला. गॅरेजमध्ये चिटपाखरू फिरकलं नाही. सवयीने तो किटलीभर कॉफी करायचा आणि दुपारी ओतून द्यायचा. ड्वेन काय म्हणाला होता ते एव्हाना त्याला नीट कळलं होतं, कळून कळून जीव नकोसा झाला होता. फोन करून "नुसता ये" म्हणायचं, बस्स. पण उभ्या जन्मात असं कुणी कुणाला म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं, आणि त्याची जीभ काही उचलेना.

एका बुधवारी बाहेर ड्वेनच्या पिकअपचा आवाज आला. मर्ल धडपडत दारात गेला. गाडी रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू ठेवून उभी होती. त्याने हात वर केला. आतल्या धुरकट आकृतीनेही बहुतेक केला. बराच वेळ दोघे तसेच राहिले. पण ड्वेनजवळ मोडलेलं काही नव्हतं, रिकाम्या हाताने खाली उतरायचं कसं ते त्याला सुचेना, आणि थोड्या वेळाने गाडी गावाकडे निघून गेली.