गरगोळीची गार्गो झाली

बीडच्या फळबाजारात नवा माणूस आला की हमखास विचारतो, "ही बाई सदा का म्हणून भडकलेली असती रे?" हुस्ना आपाला चिडखोर म्हणून सगळे मोकळे होतात. काय घडलं ते पुरतं कुणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

हुस्ना पाशाभाई फळवाल्याची थोरली लेक. दिवाळीच्या आगेमागे डोंगरातून सीताफळाच्या पाट्या यायच्या. डोळे उघडलेलं, म्हणजे पिकायला आलेलं फळ त्या दिवशी खपलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा गटारीत जायचा. तिला लहानपणापासून याचाच संताप. "अल्लानं इतकं गोड दिलंय, अन् आमी ते गटारीला पाजतो," असं ती बापाला तोंडावर म्हणायची.

पुढं अंबाजोगाईची तेजश्री शेजारच्या खोलीत भाड्यानं आली. परभणीला खाद्यपदार्थांचं तंत्र शिकलेली, नोकरी शोधत होती. दोघींचं सूत जमलं आणि हुस्नाच्या स्वयंपाकघरात प्रयोग सुरू झाले. सीताफळाचा गर आचेवर ठेवला की कडू व्हायचा. पातेलीच्या पातेली फेकून दिल्यावर जमलं. साखर, लिंबू आणि फळांच्या सालीतून काढलेलं, पाक घट्ट करणारं पेक्टिन यांचा पाक आधी करायचा, तो खाली उतरवायचा आणि निवत आला की गर घालायचा. थापलेली वडी सुटली ती मऊ, लवलवीत, दातांखाली दबून परत वर येणारी.

गल्लीतल्या जानकीबाई उपासतापासाच्या कडक. त्यांनी गोळी हातात घेतली, पण तोंडात घातली नाही.

"हुस्ना, दुकानातल्या असल्या चिवट गोळ्यात हाडं उकळून घालतात म्हणं. तुझ्यात?"

"मावशी, अब्बाची आण घेते. निस्तं फळ हाय."

तेवढ्या शब्दावर जानकीबाईंनी गोळी आधी देवापुढं ठेवली, मग खाल्ली आणि नावही दिलं. गरगोळी. मशिदीमागच्या गल्लीतल्या बायांनीही हाच प्रश्न विचारला होता. त्यांना तिनं हेच उत्तर दिलं. दोन्हीकडं एकच शब्द चालला.

गरगोळी आधी जत्रेत विकली, मग अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजच्या पोरांनी होस्टेलवर नेली, मग ती पुण्याला गेली. गेवराईचा अमरसिंह, मोठ्या जमीनदार घरातला, भागीदार म्हणून आला आणि शहराबाहेर शेड उभं राहिलं. शारजात हुस्नाचा मावसभाऊ गुफरान दुकानावर कामाला होता. त्याच्या ओळखीनं तिकडं रमजानात माल गेला आणि खपला. मग युरोपातून मागणी आली. तिकडच्या जिभेला 'ळ' वळेना, म्हणून गरगोळीची गार्गो केली. हुस्ना तेव्हा हसली होती. "बिचारे, 'ळ'बी न्हाई त्यांच्याकडं."

इथून माल नेणं परवडत नाही म्हणून अमरसिंहनं युरोपातच एका कारखान्याला ठेका दिला. तिथं बनलेली पहिली पाकिटं बीडला आली. चकचकीत पाकिटं, त्यांवरची भाषा कुणाला येत नव्हती. आपल्या गल्लीची गोळी परदेशात बनली म्हणून हुस्नानं ती पेढ्यासारखी स्वतःच्या हातानं घरोघर वाटली.

आणि महिन्याभरानं, ऑफिसातल्या बैठकीत, अमरसिंह चहाचा घोट घेत सहज बोलून गेला, "तिकडची गोळी जास्त ताणती. जिलेटिनची कमाल."

हुस्नाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय घातलं म्हणलात?"

"जिलेटिन. पेक्टिनची गोळी तिकडच्या पोरांला आवडंना, आपा. सगळे तेच वापरतात."

"कोणत्या जनावराचं?"

"मिक्स असतं. आता त्यात काय खोलात जायचं?"

हुस्ना उठून उभी राहिली. "मी वाटली ती! जानकीबाईच्या देवापुढं गेली ती! आमच्या गल्लीतल्या लेकरांनी खाल्ली! तुमी मला न्हाई सांगितलं?"

"फुकट वाटलेल्या गोळ्या, आपा. कोण कशाला विचारतंय?"

"मला विचारत हुते! मला! पाकीट कोण वाचतंय इथं? माझं तोंड बघून खातात लोकं!"

तेजश्री टेबलाकडं बघत बसली होती. हुस्नानं तिच्याकडं मान वळवली. "तेजू, तुला ठाऊक हुतं?"

तेजश्रीनं मान वर केली नाही. "आपा, परदेशात टिकायचं तर..."

"थू!" एवढंच हुस्ना म्हणाली आणि निघाली.

ती थेट जानकीबाईंकडं गेली. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिनं सगळं सांगितलं. जानकीबाई म्हणाल्या, "तू बापाची आण घेतली हुतीस." आणि दार लावून घेतलं. मशिदीमागच्या गल्लीत तर आमिनाबीनं तिला सगळ्यांदेखत शब्दांनी झोडपलं. "गोरे लोक पैसे देतात म्हणून आमचं इमान विकलंस?" हुस्नानं ऐकून घेतलं. ज्यांनी हे केलं ते थंडगार खोलीत बसले होते, आणि शिव्या ती खात होती. यानंच तिचं डोकं पेटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बापाचा जुना हातगाडा बाहेर काढला. त्यावर केळी-चिक्कूचा भाव ओरडणारा भोंगा होता. त्यात तिनं स्वतःचा आवाज भरला: "मी हुस्ना, पाशाभाईची पोर. गार्गोच्या परदेशी गोळ्या मी वाटल्या. त्यात जनावराची हाडं-कातडी उकळून काढलेलं जिलेटिन हाय. घरात असतील तर फेकून द्या. मला ठाऊक नव्हतं. ज्यांला ठाऊक हुतं ते अमरसिंह अन् तेजश्री."

गल्लीगल्लीतून गाडा फिरला. बसस्टँडपाशी अमरसिंहच्या माणसांनी गाडा अडवला, भोंगा उपटून रस्त्यावर आपटला. "कंपनीची बदनामी करती का गं?" हुस्नानं तोच फुटका भोंगा उचलून त्यांच्या गाडीच्या काचेवर हाणला. गर्दी जमली. तिच्या बाजूनं कुणी बोललं नाही, पण तिला हात लावायचीही कुणाची टाप झाली नाही. त्या दिवसापासून भोंग्याची गरजच उरली नाही. बातमी नेकनूरच्या बाजारापर्यंत तोंडोतोंडी गेली.

कंपनीनं काय केलं? जिल्ह्यातून पाकिटं गुपचूप उचलली. माफी कुणाची मागितली नाही. हुस्नाला भागीदारीतून काढलं. तिनंही सही करून कागद परत ढकलला आणि म्हणाली, "असल्या धंद्यात माझं नाव नकोच." गार्गो आता आणखी देशांत विकली जाते. तिकडं सांगितल्या जाणाऱ्या कहाणीत ती पुण्याच्या एका स्वयंपाकघरात जन्मली, तेजश्रीच्या. बीड नाही, पाशाभाई नाही, जानकीबाईंनी ठेवलेलं नाव नाही.

हुस्ना पुन्हा फळं विकते. आमिनाबी तिच्याकडूनच घेते, घासाघीस करून. जानकीबाई अजून बोलत नाहीत, फक्त सुनेला तिच्याच गाड्यावर पाठवतात. तेवढ्यानं भागतं असं नाही. जी गोळी देवापुढं गेली ती परत कशी घ्यायची, हे तिला कुणी सांगत नाही, आणि त्यावरच ती रोज कुणा ना कुणावर भडकते.

मागच्या सीताफळाच्या हंगामात तेजश्री गाडीतून उतरून तिच्या दारात आली. डोळे भरलेले. "आपा, चुकलं माझं."

हुस्नानं तांब्याभर पाणी आणून दिलं. दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं. तेजश्रीनं ते पिऊन तांब्या परत दिला आणि वाट बघत उभी राहिली.

हुस्नानं तिला बस म्हटलं नाही.