बिराजदार सर, एक शेळी आणि खेळाचा तास

आमच्या शाळेच्या कपाटात ट्रॉफ्या मोजून चार, त्यातल्या एकीचा कान तुटलेला. किस्से मात्र ठेवायला जागा नाही. सोलापुरातल्या या शाळेत मी अकरा वर्षं खेळ शिकवते. स्टाफरूममध्ये डबे उघडले की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, ते सांगा की." मग माझी भाजी गार होते.

*

सुरुवात बिराजदार सरांपासून. गणिताचे सर, मूळचे दुधनीचे. माणूस लाखात एक, पण खेळाचा तास दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. "मॅडम, पाचच मिनिटं द्या, एक उदाहरण राहिलंय." त्या पाच मिनिटांत तास संपायचा.

एकदा शिट्टी गळ्यात अडकवून मी मैदानात एकटीच उभी! वर्गात जाऊन बघते तर अख्खी आठवी कॅनव्हासचे बूट घालून समीकरणं सोडवतेय. मी म्हटलं, "सर, बूट तरी काढायला सांगा."

सर फळ्यावरून मान न वळवता म्हणाले, "राहू द्या. उत्तरं लवकर येतायत."

*

नागेश विणकराच्या घरातला, घरी सगळे तेलुगू बोलणारे. वर्गात नाव विचारलं तरी मान खाली. स्नेहसंमेलनाच्या नाटकात त्याला आम्ही राजा केलं, कारण मुकुट फक्त त्याच्याच डोक्याला बसत होता.

स्वारी दरबारात आली आणि भाषण विसरली. विंगेतून मी ओरडून दमले. मग त्यानं छाती पुढे काढली आणि तेलुगूत जे सुरू केलं! मागच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. परीक्षकांना एक अक्षर कळलं नाही, त्यांनी त्यालाच पहिला नंबर दिला.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काय बोललास रे?"

"काय न्हाय मॅडम. आई रोज बाबांना जे बोलती, तेच."

तेव्हापासून हा मुलगा वर्गात सगळ्यात आधी हात वर करतो.

*

शाळेच्या परसबागेत मेथी लावलेली. तपासणीला साहेब यायचे त्याच सकाळी कुणाची तरी शेळी आत शिरली. शिपाई मागे, त्याच्या मागे बिराजदार सर, सरांच्या मागे मी. शेळी आम्हाला तीन वाफ्यांतून फिरवून आणत होती.

आठवीतली रेणुका कडेला उभी होती. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची मुलगी, इथे मामाकडे राहून शिकणारी. तिनं दप्तर खाली ठेवलं, चार पावलं तिरकी टाकली आणि शेळीचा मागचा पाय धरला. "सर, तुमी मागनं पळताय. ती जाणार तितं आधी जायाचं असतंय."

मी तिथेच तिचं नाव खो-खोच्या यादीत घातलं.

*

रेणुका नववीत गेली आणि तिचे वडील शाळेत आले. पटका, खांद्यावर घोंगडी, आवाज शांत. "पोरगी शिकाया धाडलीया का पळाया? पळाया घरी मेंढरं हायती की. दिवाळी झाली की दाखला न्यायला येतो."

रेणुका दाराआड ओढणीचं टोक चावत होती. शेवटी मी म्हटलं, "एक सामना बघा, मग न्या."

"बगू," एवढंच म्हणून ते गेले.

*

त्यात चाचणीत रेणुकाला गणितात वीसपैकी चार. नापास मुलीला टीममध्ये घ्यायचं नाही, असा शाळेचा नियम. मी बिराजदार सरांपुढे हात जोडले. ते म्हणाले, "फेरचाचणी घेतो. सकाळी सातला मैदानावर पाठवा."

मैदानावर! सर खांबाशी उभे. रेणुका पळत जवळ आली की सर प्रश्न टाकणार, पुढच्या फेरीला तिनं उत्तर द्यायचं. चुकली की आणखी एक फेरी. आठ दिवसांत पोरीला बारा मार्क मिळाले, आणि नवव्या दिवशी सर मला रागावले, "मॅडम, ती वळताना दोन पावलं जास्त टाकते. लक्ष कुठं असतं तुमचं?"

*

जिल्ह्याचा अंतिम सामना. शेवटची पाळी, आमची एका गुणाची आघाडी, आणि रेणुका आत. दोन मिनिटं ती बाद व्हायला नको होती. कडेच्या लिंबाखाली तिचे वडील उकिडवे बसलेले.

बिराजदार सरांचं मराठी संपलं. "ओडु, ओडु!" ते कन्नडमध्ये 'पळ' म्हणून ओरडत होते. रेणुकाला कन्नडचा गंध नाही, पण पळाली! तीन हात तिच्या पाठीपर्यंत आले आणि तिन्ही रिकामे गेले. शिट्टी वाजली. सरांनी ट्रॉफी आधी स्वतःच्याच डोक्यावर धरली.

मी लिंबाकडे पाहिलं. वडील उठले, घोंगडी झटकली आणि निघून गेले. माझा सगळा आनंद तिथेच मावळला.

*

दिवाळीनंतर शाळेचा पहिला दिवस. वडील ऑफिसच्या दारात. हेडसरांनी दाखल्याचं पुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं.

वडिलांनी पटक्यातून घडी घातलेला एक कागद काढून टेबलावर ठेवला. गावच्या शाळेचा दाखला, पाचवीचा. मग मागे वळून धोतराआड लपलेल्या एका पोरीला पुढे ओढलं.

"ही धाकटी. थोरलीला हितंच ऱ्हाऊ द्या, आन् हिचं बी नाव घाला. हिच्यापुढं थोरली पळाया लई मंद हाय."