येऊन राहिलेली मोटार

१९३८ सालच्या माघ महिन्यातल्या एका बुधवारी सकाळी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात अठराशे रुपये होते आणि ते खर्च करण्याची मला मनापासून इच्छा होती. असे माझ्या आयुष्यात एकदाच घडले. त्या वेळी अंगणात हजर होते ते असे : मी, सौभाग्यवती, माझ्या सत्तरीच्या आत्याबाई, मेहुणे सीताराम, दोन ड्रायव्हर आणि दोन बंद मोटारी.

बंद मोटार म्हणजे चारी बाजूंनी काचा असलेली. आमच्या गावाच्या, दवनीवाड्याच्या, रस्त्यावर तोवर धावत ती कापडी टपाची मोटार. तिच्यातून गोंदियाला गेलेला माणूस तिथे पोचला की आधी स्वतःचे नाक झटकायचा. पण मला बंदच हवी होती. कारण त्या दिवशी अकराच्या गाडीने नानासाहेब आमच्या शांताला पाहायला येणार होते. नानासाहेबांचे घराणे मूळचे आमच्याच भागातले, पण दोन पिढ्यांपासून पुण्याला. मुलगा वकील. स्थळ असे, की मी रोज झोपण्यापूर्वी त्याचे गुण बोटांवर मोजायचो आणि बोटे पुरायची नाहीत. (आमच्याकडच्या गुणांना एक हात पुरला.) ती कमी भरून काढायला मी मोटार घेणार होतो. पुण्याच्या माणसाला स्टेशनापासून बैलगाडीत हादरवत आणले, तर तो मुलीकडे बघेल की कमरेकडे?

गोंदियात दोन जुन्या मोटारी विकायला होत्या. एक अमेरिकन, तांदळाच्या गिरणीवाल्या एका शेठजींची. काळी, लांबलचक, आत मखमलीची गादी. मागणी सोळाशे. दुसरी विलायती, एका निवृत्त ठेकेदाराची. आटोपशीर, गडद हिरवी, कातड्याची बैठक. मागणी साडेचौदाशे. दोन्ही मालकांनी एक दिवस चालवून पाहायला ड्रायव्हरसकट दिल्या. मी काही भावनेच्या भरात खरेदी करणारा माणूस नाही. पाटीवर तीन रकाने आखले : आराम, चाल आणि मोल.

आरामाची परीक्षा आत्याबाईंनी घ्यायची होती. त्यांची कंबर गावात प्रसिद्ध होती. त्यांच्या मांडीवर ताकाने काठोकाठ भरलेला लोटा द्यायचा, तळ्यापर्यंत फेरी मारायची आणि ताक किती सांडले ते बोटांनी मोजायचे! अमेरिकन गाडीत दोन बोटे सांडले, विलायतीत चार.

"त्या काळीत बसलं तं झोप येऊन राहिली मले," आत्याबाई म्हणाल्या. "अन् या हिरवीत बसलं तं माहेरची आठवण!"

"काऊन?" मी विचारले.

"माहेरचा रस्ता असाच खडबड्या होता!"

आराम : अमेरिकन. मग चाल. विलायती गाडी आमच्या अंगणात एका दमात वळली. अमेरिकन तीन दमात वळली आणि वळता वळता तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाचा कोपरा घेऊन गेली. चाल : विलायती. राहिले मोल. विलायती दीडशेने स्वस्त. पण अमेरिकनमध्ये माणसे दोन जास्त मावत. दीडशेला दोन माणसे, म्हणजे माणशी पंचाहत्तर. हे महाग की स्वस्त ते काही ठरेना, कारण ती माणसे कोण हेच माहीत नव्हते.

पाटीवर बरोबरी झाली. तेव्हा मला एक युक्ती सुचली. (मला युक्ती सुचते तेव्हा सौभाग्यवती स्वयंपाकघरात निघून जातात. त्या गेल्या.) पाहुण्यांना आणायचे अमेरिकन गाडीतून, संध्याकाळी पोचवायचे विलायतीतून आणि कुठली आवडली ते बोलण्याच्या ओघात काढून घ्यायचे! नानासाहेबांना कळणारही नाही की ते माझ्या पाटीवर आहेत.

सीतारामला मी ताकाची परीक्षा सुरू होण्याआधीच सायकलने स्टेशनवर पिटाळले होते. जाताना एकच ताकीद दिली होती : "पुण्याचे पाहुणे होत. ते म्हणतीन त्याले हो जी म्हणजो. उलट शब्द काढशीन नाई."

सीताराम हा हुकूम पाळणारा माणूस. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मी अमेरिकन गाडीतून पुढे निघालो. आत्याबाई हट्टाने विलायतीत बसल्या. "पुरा रस्ता बसल्याबिगर कंबर खरं सांगत नाई," असे त्यांचे म्हणणे. लोटा पुन्हा भरून घेईपर्यंत त्या बऱ्याच मागे राहिल्या. गोंदियात शिरल्यावर मी बाजाराच्या अंगाने वळलो, कारण हार घ्यायचा राहिला होता. हारवाल्याने सहा आणे सांगितले. मी चार म्हटले. या दोन आण्यांत अकराची गाडी येऊन गेली.

स्टेशनवर काय झाले ते मला सीतारामने नंतर सांगितले. नानासाहेब उतरले. पांढरे धोतर, काळा कोट, हातात छत्री. सीतारामने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मोटार येऊन राहिली जी."

आता आमच्याकडे 'येऊन राहिली' म्हणजे येत आहे. पाळण्यातले पोरही एवढे जाणते. पण पुण्यात?

"राहिली?" नानासाहेब म्हणाले. "कुठे राहिली?"

"रस्त्यानं जी."

"रस्त्यातच राहिली! अरेरे. आणि आमचे यजमान?"

"भाऊजी बी तिच्यातच येऊन राहिले."

"तेही तिथेच राहिले? बिचारे! या उन्हात!"

"हो जी."

"मग आपण असे उभे काय राहिलोत? बैलगाडी मिळेल का इथे? आणि एक दोर?"

"हो जी!"

नानासाहेब मोठ्या मनाचे माणूस होते हे तिथेच सिद्ध झाले. स्टेशनाबाहेर मंगलू रेंगीवाला उभा होता. (रेंगी म्हणजे आमच्याकडची झाकलेली हलकी बैलगाडी; आत तणस आणि वर गादी.) तिच्यात बसून, मांडीवर दोराचे भेंडोळे घेऊन, आमचे होऊ घातलेले व्याही माझी मोटार ओढायला सीतारामसह सरळ रस्त्याने निघाले. आणि मी बाजाराच्या अंगाने हार घेऊन स्टेशनवर पोचलो.

"पुना से आए हुए साहब कहाँ गए?" मी हमालाला विचारले.

"वो तो आपकी मोटर खींचने गए।"

"मेरी मोटर तो ये खड़ी है!"

"तो दूसरी होगी। बड़े आदमी हो, दो-दो रखते हो।"

मी पुन्हा मोटारीत चढलो. खरोखरच दुसरी होती, आणि तिच्यात आत्याबाई होत्या!

गोंदियाबाहेर एका बोडीच्या पाळीवरून रस्ता जातो. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारे लहान तळे आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. पाळीवरचा रस्ता अरुंद आणि खाली झिरपणाऱ्या पाण्याने बाराही महिने ओली असलेली धानाची बांधी, म्हणजे भाताचे खाचर. तिथे मंगलूची रेंगी आणि आत्याबाईंची विलायती मोटार समोरासमोर आल्या. मोटारीचा ड्रायव्हर बाबूलाल थांबला, कारण समोर बैल होते. नानासाहेबांनी पाहिले, मोटार थांबली आहे! ते छत्री उगारून उतरलेच.

आत्याबाईंनी खिडकीतून डोके बाहेर काढले. "काऊन जी? रस्ता कायले अडवून राहिले?"

"काळजी करू नका आजी. आम्ही तुम्हाला ओढायलाच आलो आहोत."

"ओढाले? मायबाई! कायले ओढता? आमी चांगले जाऊन राहिलो!"

"राहिलात ना? तेच तर म्हणतोय मी. मंगलू, दोर बांध!"

बाबूलाल खाली उतरला. "साहब, गाड़ी चालू है।"

"चालू है तो चलती क्यों नहीं?"

"आप सामने खड़े हैं।"

"ड्रायव्हर लोक असंच म्हणतात," नानासाहेब सीतारामला म्हणाले. "इज्जतीचा प्रश्न असतो त्यांचा. खरं की नाही?"

"हो जी," सीताराम म्हणाला.

मंगलूने रेंगी फिरवली आणि मोटारीच्या पुढच्या लोखंडाला दोर बांधला. त्याचे काम दोर बांधायचे. मोटार कोणाची आणि कशाला, हे विचारायचे नव्हे. बाबूलालला मात्र हा अपमान सहन झाला नाही. गाडी चालू आहे हे जगाला कळावे म्हणून तो आत जाऊन बसला आणि त्याने भोंगा वाजवला.

मंगलूच्या बैलांनी भोंगा आयुष्यात प्रथमच ऐकला, तोही शेपटीपासून चार हातांवर! ते पाळीवरून थेट खाली बांधीत उतरले. रेंगी त्यांच्यामागे, दोर रेंगीमागे आणि मोटार दोरामागे. आत्याबाईंच्या लोट्यातले ताक एकदमच बाबूलालच्या मानेवर गेले. त्यामुळे किती बोटे सांडले, याची नोंद होऊ शकली नाही.

नानासाहेब पाळीवर उभे राहून म्हणाले, "शाब्बास! हलली!"

एवढ्यात मी पोचलो. हिरवी मोटार अर्ध्या चाकांपर्यंत चिखलात, बैल पलीकडच्या बांधावर थरथरत उभे, आत्याबाई खिडकीतून बाबूलालच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असलेल्या. आणि पाळीवर, रस्त्याच्या मधोमध, छत्री धरलेले गृहस्थ माझ्याकडे पाहत! मला घाई झाली. मी शेठजींच्या ड्रायव्हरला म्हटले, "बाजू से आगे ले लो।"

"नहीं जाएगी मालिक। रास्ता कम है।"

"कम कैसे? रास्ता नौ फुट, गाड़ी साढ़े पाँच। मैं बोलता हूँ ना!"

माझा हिशोब बरोबर होता. फक्त त्या नऊ फुटांतल्या काठाच्या तीन फुटांवर गवत होते आणि गवताखाली काहीच नव्हते. सोळाशे रुपयांची अमेरिकन मोटार एखाद्या म्हशीसारखी सावकाश, मोठ्या डौलात, डाव्या कुशीवर खाली उतरली आणि विलायतीच्या शेजारी जाऊन बसली. धक्का असा बसलाच नाही. (आराम : अमेरिकन. ते मी चिखलातही मनात लिहिले.)

मी दार ढकलून बाहेर आलो, गुडघाभर चिखलातून वर चढलो आणि नानासाहेबांच्या गळ्यात हार घातला.

"मला स्टेशनवरच कळलं होतं," ते आपुलकीने म्हणाले, "मोटार राहिली म्हणून."

"राहिली नव्हती जी! येऊन राहिली होती!"

"तेच की!"

मी मदतीसाठी सीतारामकडे पाहिले. तो म्हणाला, "हो जी."

मग मंगलूने बैलांना चुचकारून परत आणले. विलायती मोटार दुसऱ्या हिसक्याला निघाली. अमेरिकनला बैल कमी पडले. आजूबाजूच्या शेतातली माणसे बोलवावी लागली. आणि हे सगळे चाललेले असताना आत्याबाई कुठे होत्या? हिरवीतून उतरून त्या रुतलेल्या काळीत जाऊन बसल्या होत्या, आणि मखमलीवर गाढ झोपल्या होत्या! त्यांना आत ठेवूनच माणसांनी गाडी ओढली. त्या रस्त्यावर येईपर्यंत जाग्या झाल्या नाहीत.

दोन्ही मोटारींच्या नळ्यांत चिखल गेला होता. तेव्हा नानासाहेबांना मी अखेर रेंगीतूनच घरी आणले. वाटभर ते बाहेर पाहत मान हलवत होते. मी त्या मान हलवण्याचा अर्थ लावत होतो आणि प्रत्येक अर्थ आधीच्यापेक्षा वाईट निघत होता. पुण्याला परत जाऊन ते काय सांगतील? मुलीच्या बापाने बोलावले, चिखल दाखवला आणि म्हातारीकडून रस्त्यात शिव्या ऐकवल्या!

घरी पोहे झाले, चहा आला. शांता येऊन बसली. नानासाहेबांनी चष्मा पुसला.

"मुली, हल्ली काय करतेस?"

"मॅट्रिकचा अभ्यास करून राहिली जी," शांता खाली मान घालून म्हणाली.

"करून राहिलीस?" नानासाहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे अभ्यास केलास, आणि राहिलीसच? नापास?"

सौभाग्यवती दाराआड गेल्या. शांताने मान वर केली, पाहुण्यांकडे नीट पाहिले, आणि एकाएकी तिला हसू फुटले. पाहायला आलेल्या माणसासमोर मुलगी हसली! मी डोळेच मिटले.

"नाई जी," ती म्हणाली. "आमच्याकडे 'करून राहिली' म्हणजे करते आहे. अजून चालू आहे."

नानासाहेबांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे... 'मोटार येऊन राहिली' म्हणजे...?"

"येत होती जी."

"आणि त्या आजी... 'आम्ही जाऊन राहिलो'...?"

"जात होत्या जी. चांगल्या जात होत्या."

नानासाहेब आधी छताकडे पाहत राहिले. मग त्यांचे पोट हलायला लागले. मग खांदे. मग ते इतके हसले, की त्यांचा चष्मा चहात पडला. "म्हणजे धडधाकट चालती मोटार मी दोर बांधून चिखलात घातली!" असे म्हणून ते पुन्हा हसू लागले. डोळे पुसून ते म्हणाले, "मुलगी पसंत आहे. तुमच्याकडे मला पुष्कळदा यावं लागणार. आमच्या घरात तुमची भाषा कळणारं कुणीतरी पाहिजेच!"

लग्न वैशाखात ठरले. अठराशे रुपये तिकडे वळवले आणि मोटारीचे नाव घरात निघाले नाही. दोन्ही मोटारी धुऊनपुसून त्यांच्या मालकांकडे गेल्या. वाकलेल्या चिखलपट्टीचे शेठजींनी काही घेतले नाही. शुभकार्यातला चिखल आहे, म्हणाले.

संध्याकाळी मंगलू पैसे घ्यायला ओट्यावर आला.

"सांग, किती झाले?"

"पाहुणे आणले, त्याचे बारा आणे. हिरवी मोटार चिखलात नेली, एक रुपया. मंग बाहेर काढली, दीड रुपया. काळी बाहेर काढली, ते दोन रुपये. पाच झाले जी."

"थांब! चिखलात नेल्याचा रुपया?"

"मेहनत नाई का मालक? बैलाले आत जावाले बी जोरच लागते!"

"बरं. मग काळी आत नेल्याचे काही नाही?"

"तिचे कसे मांगू?" मंगलू म्हणाला. "ते तं तुमी सवता मोजून आत घातली जी."

मी त्याची बेरीज पुन्हा केली. पाच रुपये होत नव्हते, पाच रुपये चार आणे होत होते. ही चूक त्याच्या लक्षात आणून दिली. त्या सबंध दिवसात माझा एवढाच एक हिशोब बरोबर आला, आणि त्याबद्दल मंगलूला चार आणे जास्त मिळाले.