टाके नसलेलं ऑपरेशन

माझ्या धाकट्या भावाला दुखणं मारायच्या, अफूच्या जातीच्या इंजेक्शनची सवय लागली होती. मोटरसायकलवरून पडून पाय मोडला तेव्हा सुया सुरू झाल्या. पाय बरा झाला, सुया राहिल्या. हे मला आणि आईलाच माहीत होतं. दिंद्रुडला आमचं कापडाचं दुकान. त्याची सोयरीक ठरलेली. पुण्यातल्या एका दवाखान्यात भूल देऊन झोपवतात अन् झोपेतच अंगातलं व्यसन उतरवतात, असं पेपरात वाचलं. एसटीडी बूथचं दार घट्ट लावून मी फोन केला.

त्याला पुण्याला नेऊन तो उपचार केला. घरी सोडताना तिथले डॉक्टर स्पष्ट बोलले. "झोपेत फक्त शरीराची सवय सुटते, मनाची ओढ नाही. पुढं वर्षभर रोज ही गोळी द्या. तसल्या सुईच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही." मी मान डोलावली. गावात मात्र सांगायचं ठरलं, अपेंडिक्स काढलं. परत निघताना लॉजवर मीच त्याच्या पोटावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली.

तो हसला. "अण्णा, टाके किती सांगायचे?"

"सात."

आमच्याकडं ऑपरेशन झालं म्हटल्यावर माणसं भेटायला येतातच. मोसंब्या आल्या, बिस्किटचे पुडे आले. गोळीनं त्याला मळमळायचं म्हणून आईनं ती बंद केली. मी बंद होऊ दिली. त्याचं अंग ठणकत होतं, झोप नव्हती. आठव्या दिवशी त्याचे होणारे सासरे आले ते गावातल्या डॉक्टरांना वाटेतून धरूनच.

"पोरगं तळमळायलंय अन् तुमी बघत काय बसलात?" सासरे मला म्हणाले.

"टाके दुखायले असतील," डॉक्टर बॅग उघडत म्हणाले. "एक सुई देतो, निवांत झोपंल."

काचेच्या कुपीवरचं नाव मी वाचलं. तीच. धाकटा कुपीकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता. 'नको' एवढंच म्हणायचं होतं. पण डॉक्टरांनी 'का' विचारलं असतं, आणि शेजारी सासरे मोसंबी सोलत बसले होते.

"चहा सांगतो," मी म्हणालो आणि उठलो.

परत आलो तेव्हा तो दंडावर कापूस दाबून पडला होता. डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "अण्णा, टाके आज बी दुखणार हायत." दोघंही हसलो नाही. डॉक्टरांना बोलवायला मीच गेलो.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. त्यानंतर तो सहा वर्षं जगला, सुयांसकट. एका शब्दानं मला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मी पुष्कळदा म्हणतो. खरं तर त्याच्या न बोलण्याचा मी फायदाच घेतला.

त्याच्या बायकोला अजून वाटतं, पुण्याच्या डॉक्टरनं अपेंडिक्सचं ऑपरेशन बिघडवलं, तिथूनच दुखणं मागं लागलं. त्या माणसाला ती आजही शिव्या घालते. परवा तिनं विचारलं, "मोठे भाऊजी, त्या डॉक्टरचं नाव काय हो?"

विसरलो म्हणालो. मग घरी येऊन हे लिहायला बसलो. छापायला देण्याआधी कागद तिच्या हातात दिलेत. दोन दिवस झाले. दुकानावरून जाताना ती रोज आत डोकावायची. अजून आलेली नाही.